पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारी गौतमी

गौतमीबद्दल कुणी चांगलं बोललं की माझ्या पोटात दुखतं, आणि लोक मेले तिच्याबद्दल चांगलंच बोलतात. "तुमच्याकडे भाड्याने राहायची ना ती पोरगी? काय हुशार हो!" असं म्हणतात, तेही माझ्या तोंडावर. मी हसते. हसल्याशिवाय करणार काय? पण तिच्याबद्दल सांगायचं तर मीच सांगावं, कारण तिला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही. जिच्यावर आपण जळतो तिच्याकडे आपलं जेवढं लक्ष असतं, तेवढं घरातल्या माणसांकडेसुद्धा नसतं.

आमचं गाव शिरवणे. गावाची शेतं कंपन्यांच्या पट्ट्यात गेली तेव्हा मी रांगत होते. आमच्या शेतावर रंगाची कंपनी उभी राहिली. शेत गेल्यावर बाबांनी, म्हणजे देवजीशेठने, घरामागे पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि भाड्याने दिल्या. शेठ वगैरे गावातले लोक म्हणायचे, खोल्या झाल्या म्हणून. शेवटच्या खोलीत परभणीकडचे गंगारामकाका आणि वेणूबाई राहायला आले. काका तुर्भ्याच्या दगडखाणीवर कामाला. सामान म्हणजे एक ट्रंक, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि माझ्याच वयाची एक पोरगी. ती गौतमी. सातवीत ती माझ्या वर्गात आली आणि त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

म्हणजे ती माझ्यापेक्षा हुशार नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. गणितात माझे मार्क जास्त. सायन्समध्ये तर विचारूच नका. पण मास्तर शिकवताना "कोण सांगेल?" म्हणाले की हिचा हात वर. उत्तर येवो न येवो, हात वर. मला उत्तर यायचं, पण मी वाट बघायची, मास्तर आपण होऊन "गोजरा, तू सांग" म्हणतील. मास्तर म्हणायचे कधीतरी. तोवर गौतमी सांगून, चुकून, पुन्हा सांगून शाबासकी घेऊन खाली बसलेली असायची. असा राग यायचा!

आणि खाणं! आमच्या आगरी घरात आग्रहाची एक रीत आहे. कुणी पहिल्यांदा विचारलं की "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "आत्ताच खाऊन आले" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून "बरं, थोडंसं" म्हणायचं आणि मग पोटभर जेवायचं. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा तो हावरा, त्याच्या घरी चूल पेटत नाही असं समजायचं. वाढणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. लग्नाचं आवतनसुद्धा एकदा देऊन भागत नाही. हळदीच्या दिवशी पुन्हा हाक मारायला माणूस पाठवावा लागतो, नाहीतर सख्खा मामासुद्धा घरी रुसून बसतो. मी या रीतीत वाढले. रडत रडत का होईना, पहिल्या लाडवाला "नको" म्हणायला आईने मला चिमटे काढून शिकवलं होतं.

आणि ही गौतमी! ओटीवर माझ्याबरोबर अभ्यासाला बसलेली असायची. आई आतून यायची, "जेवतेस गो?" म्हणायची, आणि ही लगेच, "हो काकू." आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आई आत जाऊन म्हणायची, "काय पोर हाय, लाजबीज काय नाय." मला बरं वाटायचं. निदान एका बाबतीत तरी मी तिच्या वरचढ होते, मला रीत ठाऊक होती.

बारावीला आम्ही दोघी वाशीच्या कॉलेजात. सायन्सला. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला तर मी राणी होते राणी. नळीतून एकेक थेंब सोडत गुलाबी रंग यायची वाट बघायची, आणि रंग जेमतेम दिसला न दिसला की तोटी बंद. माझा रंग असा फिका यायचा की नंदिनी मॅडम सगळ्यांना बोलवून दाखवायच्या. गौतमीचा हमखास गडद भडक. एक थेंब जास्त पडायचाच. घाई! तिला कसलाही धीर म्हणून नव्हता.

त्या वर्षी, पंच्याऐंशी साल असेल, डिसेंबरात मॅडमनी वर्गात सांगितलं की कॉलेजच्या हॉलमध्ये व्यवसाय मार्गदर्शन मेळावा आहे. कंपन्यांची, बँकांची, नर्सिंगची, सगळ्यांची टेबलं लागणार. असलं काही आमच्यापैकी कुणीच बघितलेलं नव्हतं. तास संपल्यावर मॅडमनी मला बाजूला घेतलं. "गोजरा, तुमच्या शिरवण्याच्या त्या रंगाच्या कंपनीला लॅबमध्ये शिकाऊ मुलगी हवी आहे. एकच जागा आहे. शिकवतील आणि मग कायम करतील. मी तुझं नाव त्यांच्या कानावर घातलंय."

मी घरी उडत आले. आमच्या शेतावरची कंपनी! माझ्या आजीने जिथे भाताचे पेंढे बांधले तिथे मी पांढरा कोट घालून उभी राहणार! बाबांना आधी मेळावा म्हणजे काय तेच कळेना. "कुठल्या पक्षाचा?" म्हणाले. समजावल्यावर मात्र त्यांनी मांडीवर थाप मारली. "आपल्या शेतावर हाय ती कंपनी. तिथं आपली पोर नाय लागनार त कोन लागनार?" माझा भाऊ कमळाकर पेपरात डोकं घालून बसला होता. तो म्हणाला, "आपल्या शेतावर आता आपलं काय हाय, बाबा? एक चिंच तेवढी." बाबांनी त्याला गप्प बसवलं. पण ते खरं होतं. आमच्या बांधावरची चिंच कंपनीने तोडली नव्हती. कुंपणाच्या आत उभी होती.

मेळाव्याच्या दिवशी आईने मला अशी नटवली की जणू बघायलाच येणार होते. वहिनीची हिरवी साडी, चप्प तेल, अबोलीचा गजरा, कानात कुड्या. गौतमी आपली रोजच्याच ड्रेसमध्ये, फक्त इस्त्री केलेला. बसमध्ये ती म्हणाली, "गोजरा, किती छान दिसतेस गं." मी म्हटलं, "तू कुठल्या टेबलावर जाणार?" तर म्हणाली, "सगळ्या." घ्या!

हॉलमध्ये गेल्यावर मात्र मी दारापाशीच थांबले. भिंतीला लागून टेबलं, टेबलांवर पांढऱ्या चादरी, मागे कापडी फलक, आणि टायवाले साहेब खुर्च्यांत बसलेले. वाशीच्या सेक्टरातल्या पोरी घोळक्याने फिरत होत्या, फडाफड इंग्लिश बोलत होत्या. गौतमी पहिल्या टेबलापासून सुरू झाली. बँक, नर्सिंग, टायपिंग, पोस्ट. प्रत्येकाला तेच विचारायची, "मी बारावी सायन्स आहे, मला घ्याल का?" असं सरळ! कुणी "पदवी लागेल" म्हणायचं, कुणी नुसतंच हसायचं. हिला काही नाही. पुढच्या टेबलावर. मी दोन हात लांबून मागे मागे चालत होते आणि देवाला म्हणत होते की हिची माझी ओळख आहे हे कुणाला कळू देऊ नकोस.

रंगाच्या कंपनीचं टेबल कोपऱ्यात होतं. चष्मेवाले, पिकल्या केसांचे एक साहेब. बोलणं मऊ. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "हां, तूच का ती गोजरा? मॅडम बोलल्यात." गौतमी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, तिचा श्वास मला मानेवर लागत होता. साहेबांनी मला आम्ल-अल्कलीचं विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाले, "रंग कसा यायला हवा?" मी म्हटलं, "फिका. आला आला म्हणेपर्यंत तोटी बंद करायची. गडद झाला म्हणजे चुकलं." साहेब इतके खूश झाले! चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "उत्तम. अगदी हेच हवंय. मग येशील का आमच्याकडे?"

मी मान खाली घातली, पदर सावरला, आणि अगदी आईने शिकवलेल्या आवाजात म्हटलं, "नको."

आता माझं ऐका. हे "नको" म्हणजे नको नव्हतं हो! शिरवण्यात कुणालाही विचारा. सारसोळ्यात विचारा, सानपाड्यात विचारा. ते "नको" म्हणजे, "साहेब, मी हावरी नाही, चांगल्या घरची आहे, तुम्ही आता पुन्हा विचारा." मी वाटच बघत होते. दुसऱ्यांदा विचारलं की "घरी विचारून सांगते" म्हणणार होते, आणि तिसऱ्यांदा विचारलं की हो. सगळं मनात तयार होतं.

साहेब म्हणाले, "बरं." वाईट वाटलं त्यांना, ते दिसलं. पण "बरं" म्हणाले आणि त्यांनी मान वळवली. "आणि तू गं? तू येशील का?"

"हो," गौतमी म्हणाली. "कधीपासून येऊ?"

संपलं. साहेब हसले, तिचं नाव लिहून घेतलं, तिला कंपनीचा पत्ता सांगायला लागले. माझ्यादेखत! आमच्या शेताचा पत्ता! मी तिथेच उभी होते, पंगतीत ताटावर हात आडवा धरून बसलेल्या पाहुण्यासारखी, आणि वाढपी पुढच्या ताटावर गेलासुद्धा. जीभ उचलून "अहो साहेब, मी येते" एवढं म्हणायचं होतं. नाही म्हटलं. आमच्यात मागून खात नाहीत.

बाहेर आल्यावर मी बसस्टॉपवर तिला धरलं. "तुला कळलं नाही मला हवी होती ती?"

ती खरोखर गोंधळली. "तू नको म्हणालीस ना?"

"नको म्हणजे नको असतं का गधडे?"

"मग काय असतं?" तिने विचारलं. बस आली. मी पुढच्या दाराशी बसले, ती मागे.

घरी मला वाटलं होतं बाबा ओरडतील. उलट ते म्हणाले, "बरोबर केलंस! कंपनीच्या तोंडाला लागून पयल्या झटक्यात हो म्हनायचं काय? देवजीची पोर हाय तू. येतील परत विचाराला." आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. ओटी सारवून घेतली, बाकावर चादर टाकली, आईला चहाचे नवे कप काढायला लावले. रस्त्याने गाडी गेली की बाबा उठून उभे राहायचे. कमळाकर म्हणाला, "बाबा, साहेब काय हळदीची हाक माराला येतोय काय?" तेव्हा बाबांनी त्याच्या अंगावर तांब्या फेकला. बारावीची परीक्षा झाली आणि एका सकाळी गौतमी पांढरा कोट हातावर घेऊन आमच्याच ओटीसमोरून कामाला गेली. बाबा बघत राहिले आणि म्हणाले, "आयत्या बिलावर नागोबा." मग चादर आत गेली.

मी एकदा कंपनीच्या गेटवर गेले होते, ते कुणाला ठाऊक नाही. वॉचमन म्हणाला, "कुणाला भेटायचंय?" मी म्हटलं, "कुणाला नाही." गेटातून चिंच दिसत होती. चिंचेखाली बाक होता, बाकावर गौतमी डबा खात होती. आमच्या चिंचेखाली! मी आल्या पावली परत फिरले.

पुढची वर्षं कशी गेली विचारू नका. तिचा रंग पहिल्यांदा गडदच यायचा म्हणे, साहेब बोलायचे. ती पुन्हा करायची. पुन्हा चुकायची, पुन्हा विचारायची. कायम झाली तेव्हा पेढे घेऊन आली आणि पुढे केले. मी "नको" म्हटलं. तिने बॉक्स तसाच मागे घेतला. मग ती सायकल शिकली, मग लुना घेतली. गंगारामकाकांची खाण तिने सोडवली. वेणूबाई नळावर सांगायची, "माय, माझी गौतमी साहेबाच्या टेबलाला टेबल लावून बसती." आणि मी काय करत होते? टायपिंगचा क्लास, पापड, आणि आलेल्या स्थळांना चहा. लग्नाला मात्र आम्हाला शंभरदा विचारतात हो! तिथे "नको" म्हटलं तर कुणी "बरं" म्हणून जात नाही.

तिचा स्वभाव वाईट असता तर सोपं होतं. पण दर उन्हाळ्यात ती कंपनीतून पिशवीभर चिंचा आणायची. "तुमच्या झाडाच्या आहेत," म्हणायची आणि ओटीवर ठेवून जायची, घेतेस का म्हणून विचारायचीसुद्धा नाही. मी पिशवीला हात लावायची नाही. ती वळली की खायची. आंबटढाण, आणि काय गोड लागायच्या!

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्यांना वाशीला घर लागलं. सिमेंटचं, संडास आत. निघायच्या दिवशी टेम्पो भरून झाला आणि गौतमी निरोप घ्यायला आमच्याकडे आली. आमची पानं मांडलेली होती. आई म्हणाली, "जेवून जातेस गो?"

"हो काकू." आणि बसलीसुद्धा, कमळाकरच्या शेजारच्या पाटावर.

इतकी वर्षं साठलेलं माझ्या तोंडाशी आलं. "गौतमी, लाज नाही का गं तुला? आता तर नोकरी आहे, फ्लॅट आहे. अजून एकदा विचारलं की लगेच हो? जरा नाही म्हणावं, माणसाने आग्रह करून घ्यावा!"

बाबा म्हणाले, "गोजरा!" पण गौतमी चिडली नाही. तिने भाताकडे बघत सांगितलं, "आग्रह आम्हालापण माहीत आहे, गोजरा. परभणीला मामाकडे मीपण तीनदा नाही म्हणायची. तुमच्याकडे आले तेव्हा पहिल्या दिवशी काकूंनी विचारलं, मी नको म्हणाले. काकू आत गेल्या. मी खूप वेळ बसले ओटीवर, मग घरी गेले. त्या दिवशी आमच्या घरी काही शिजलं नव्हतं. मग बघत राहिले. तुमच्या पाहुण्यांना काकू तीनदा विचारतात. मला एकदाच. मग मी ठरवलं, एकदाच विचारणार असतील तर एकदाच उत्तर द्यायचं."

आई पातेलं हातात घेऊन तशीच उभी होती. का एकदाच, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या खोलीतलं पाणी आई कधी प्यायली नव्हती, तेच ते कारण. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट भणभणत होती. माझी नोकरी घेणारा तो "हो" ती कुठे शिकली? आमच्याच ओटीवर. मला "नको" शिकवणाऱ्या त्याच आईने तिला "हो" शिकवला होता, आणि शिकवणी तिची चांगली झाली, माझी वाया गेली. सांगा, जळू नको तर काय करू?

जेवणं अर्धी झाली. आई भात घेऊन फिरत आली आणि गौतमीच्या पानापाशी थांबली. "भात घे गो."

गौतमीने पानावर हात आडवा धरला. "नको, काकू."

आमच्या घरात पहिल्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच "नको" म्हणत होती. तिने मान वर करून आईकडे पाहिलं. आईचे ओठ हलले. पण इतक्या वर्षांची सवय. आईचे पाय कमळाकरच्या पानाकडे वळलेसुद्धा. गौतमीचा हात पानावर तसाच राहिला. तो हात मी बरोबर ओळखला. त्या हॉलमध्ये तो माझा होता.

मी उठले आणि आईच्या हातातून पातेलं घेतलं. "घे गं भात."

"नको. झालं माझं."

"झालं कुठलं? पानात शीत नाही. घे म्हणते ना! हात काढ, भाजेल."

तिने हात काढला. मी वाढला, वरून आमटी ओतली. ती खाली मान घालून जेवायला लागली, नाकाने ओढत. आईने पदर तोंडाला लावला. सगळ्यांना वाटलं की माझं मन भरून आलं. कसलं काय! तिच्या पानात भात पडताना बघून माझा नुसता जळफळाट होत होता. तिला निदान दुसऱ्यांदा विचारणारी मी तरी भेटले.